अकारा हलका होण्यासाठी पिठात सोडा घालावा का?

प्रश्न: नायजेरियातील योरुबा समाजाच्या घरांत न्याहारीला होणारा अकारा, म्हणजे चवळीच्या वाटणाचा तळलेला वडा, मला घरी करायचा आहे. भिजवलेल्या चवळीच्या वाटणात सोडा घालावा का, आणि साले काढणे खरोखर आवश्यक आहे का?

उत्तर १: सोडा मुळीच घालू नका. अकाऱ्याचा हलकेपणा पीठ फेटताना त्यात कोंडल्या जाणाऱ्या हवेतून येतो. म्हणून सोललेली चवळी कमीत कमी पाणी घालून गुळगुळीत वाटावी आणि ते वाटण उखळीत किंवा खोल भांड्यात, रंग फिकट होऊन ते फुगेपर्यंत, एकाच दिशेने फेटत राहावे. हात दुखतो, पण या कामाला पर्याय नाही. थेंबभर पीठ पाण्यात सोडल्यावर तरंगले, तर ते तयार झाले असे समजावे.

उत्तर २: साले अवश्य काढावीत, कारण ती राहिली तर पीठ जड व खरखरीत होते. चवळी थोडा वेळच भिजवून हातांनी चोळली की साले सुटून पाण्यावर येतात.

उत्तर ३: वरील मताशी मी सहमत आहे, मात्र मीठ आणि बारीक चिरलेला कांदा तळण्याच्या अगदी आधी मिसळावा, अन्यथा पाणी सुटून फेटलेले पीठ बसते. मिरची ‘अता रोडो’च (स्कॉच बॉनेट प्रकारची तिखट मिरची) घ्यावी, कारण तिच्या तिखटपणाइतकाच तिचा सुगंधही महत्त्वाचा आहे. पाम तेलात तळल्यास चव अधिक गडद येते. सोबत ओगी, म्हणजे आंबवलेल्या मक्याची पातळ लापशी, गरमच वाढावी.