'इलेक्टेड टू फाय बीटा कॅपा': निवडून आली की निवड झाली?

प्रश्न: अमेरिकेत शिकणाऱ्या भाचीचा मेसेज आला, 'आय गॉट इलेक्टेड टू फाय बीटा कॅपा'. ताईने घरच्या ग्रुपवर टाकलं, 'आपली पोरगी निवडून आली!' आजोबांनी लगेच विचारलं, 'किती मतांनी?' अशा ऑनर सोसायटीला, म्हणजे अभ्यासात चमकलेल्या विद्यार्थ्यांना सभासद करून घेणाऱ्या मंडळाला, मराठीत काय म्हणावं? एके ठिकाणी 'मानद संस्था' वाचलं, पटलं नाही.

उत्तर: पटू नयेच. मानद म्हणजे बिनपगारी किंवा मानापुरता: मानद सचिव, मानद डॉक्टरेट. हा मान तर अभ्यास करून कमावलेला. 'ऑनर्स' आपल्याकडे पदवीचा प्रकार, आणि 'सोसायटी' म्हटलं की शहरात मेंटेनन्सचं बिल आठवतं, गावाकडे पीककर्ज. मी 'गुणवंत मंडळ' म्हणेन.

खरी अडचण 'इलेक्टेड'ची आहे. आजोबा अगदीच चुकले नाहीत, कारण मत दिलं जातं. त्या कॉलेजातले मंडळाचे सभासद, बहुतेक प्राध्यापकच, गुणपत्रकं घेऊन बसतात आणि ठरवतात. नुसती टक्केवारी बघत नाहीत. किती तऱ्हेचे विषय घेतले, परकी भाषा शिकली का, गणित केलं का, हेही बघतात. कला-विज्ञान शाखांतून पदवी घेणाऱ्यांपैकी साधारण दहावा हिस्सा घेतात. अर्ज मात्र कुणालाच करता येत नाही. म्हणजे मतदान आहे, उमेदवारी नाही. मराठीत 'निवडून यायला' आधी उभं राहावं लागतं. 'स्वीकृत सदस्य' अर्थाने जवळ जातो, पण त्याला नगरपालिकेचा वास येतो. साधं 'निवड झाली' लिहा.

दुसरं उत्तर: नावाचंही सांगतो. 1776 साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात हे मंडळ निघालं, तेव्हा ते गुप्त होतं. फाय, बीटा, कॅपा ही ग्रीक बोधवाक्याची आद्याक्षरं: ज्ञानाची ओढ हीच आयुष्याची कुबेर्नेतेस. कुबेर्नेतेस म्हणजे सुकाणू धरणारा. आपला 'कर्णधार' मुळात तोच, कर्ण म्हणजे सुकाणू! क्रिकेटने तो शब्द पळवला.

तिसरं उत्तर: अशा मंडळांच्या बातम्यांत येणाऱ्या 'सीनियर'चं भाषांतर 'ज्येष्ठ विद्यार्थी' करू नका, ज्येष्ठ नागरिक डोळ्यांपुढे येतात. 'शेवटच्या वर्षाचे' म्हणा. 'ज्युनिअर' त्याहून फसवा: तिकडे पदवीचं तिसरं वर्ष, इकडे अकरावी-बारावी. टाउ बीटा पाय हे इंजिनिअरिंगवाल्यांचं मंडळ ज्युनिअरांतल्या वरच्या एक अष्टमांशाचा आणि सीनियरांतल्या वरच्या एक पंचमांशाचा विचार करतं. हे वाक्य कच्चं भाषांतरलं तर वाचणाऱ्याला वाटेल अकरावीची पोरं इंजिनिअर झाली.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा 'टॅप' आणखी गमतीचा. तिथल्या 'स्कल अँड बोन्स' या 1832 च्या गुप्त मंडळात दरवर्षी 15 जण घेतात. ते गुणवंत मंडळ नव्हे, तिथे गुणपत्रकापेक्षा माणूस बघतात. ज्याला घ्यायचं त्याच्या खांद्यावर जुने सभासद थाप मारत, म्हणून 'टॅप'. पण मराठीत 'त्याला थाप मारली' लिहिलंत तर अर्थ भलताच. आणि 'पाठीवर थाप' म्हणजे शाबासकी, ती काम झाल्यावर मिळते. 'खांद्यावर हात ठेवला' एवढंच पुरे.

मूळ प्रश्नकर्ता: ग्रुपवर दुरुस्ती टाकली: 'निवड झाली. अर्ज नव्हता, प्राध्यापकांनीच घेतलं.' आजोबांचं उत्तर आलं, 'म्हणजे बिनविरोध.'