मदत हवी आहे (तातडीने): लोकांनी सांगितलेली उंची-वजनं प्रबंधात चालतात का?

गिरणाकाठ
नमस्कार. प्रबंधासाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) आणि रक्तदाबाचा सर्व्हे केलाय. फॉर्म भरून झाले, विदा (डेटा) तयार आहे, विश्लेषणही झालंय. आता गाईड म्हणतात, उंची-वजन लोकांनी तोंडी सांगितलेलं आहे, मोजलेलं नाही, म्हणून बाद. सॅम्पल चांगलं मोठं आहे, थोड्याफार चुका त्यात जिरून जातात ना? सबमिशन तोंडावर आलंय. चालतं की नाही एवढंच सांगा. आणि 'परत मोजा' असं कृपया कुणी लिहू नका.

तापीतीर
वयोगट कुठला? समोर बसून विचारलं की फोनवर? रक्तदाब तरी मोजलाय की तोही सांगोवांगी?

गिरणाकाठ
पाचोरा-भडगाव पट्टा, १८ च्या पुढचे सगळे. समोर बसून, कागदी फॉर्म. रक्तदाब मशीनवर घेतलाय. वयाचा इथे काय संबंध?

बट्टीप्रेमी
भाऊ, बीएमआयचं टेन्शन घेऊ नका. रात्रीची वरण-बट्टी बंद करा आणि कळण्याची भाकरी सुरू करा. वजन उतरतं म्हणजे उतरतं.

आकडेमोड्या
वयाचा संबंध आहे. उतारवयात मणक्यांमधल्या चकत्या दबतात, पाठ वाकते, उंची घटते. माणूस मात्र तरुणपणी मोजलेलीच उंची सांगत राहतो. एरवीही लोक उंची थोडी वाढवून आणि वजन थोडं कमी करून सांगतात. उंची वाढवण्यात पुरुष पुढे, वजन लपवण्यात बायका. ज्यांचं वजन जास्त, ते जास्तच लपवतात. दोन्ही चुका बीएमआयला खालीच ढकलतात, त्यामुळे जिरण्याचं विसरा. सॅम्पल दुप्पट केलं तरी चूक तेवढीच राहील. उंची १६० सेंमी, वजन ६४ किलो म्हणजे बीएमआय २५. त्याच माणसाने १६३ आणि ६१ सांगितलं की २३ च्या खाली. लठ्ठ गटातला माणूस थेट नॉर्मलमध्ये.

धुळेकर मामा
२५ ला लठ्ठ? जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा ३० आहे. उगाच लोकांना घाबरवू नका.

आकडेमोड्या
मामा, भारतीयांसाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. आपल्याकडे कमी बीएमआयलाच मधुमेह गाठतो म्हणून. त्यावर वेगळा धागा काढा.

केळीचा घड
गिरणाकाठ, बिनधास्त द्या. अमेरिकेतला बीआरएफएसएस हा एवढा मोठा आरोग्य सर्व्हे फोनवर विचारूनच होतो. आणि सांगितलेल्या-मोजलेल्या वजनांचा सहसंबंध (दोन आकडे किती सोबत चढतात-उतरतात त्याचं माप, जास्तीत जास्त १) ०.९ च्या वर येतो. अजून काय पाहिजे?

तापीतीर
तिथे पडताळायला एनहेन्स हा दुसरा आरोग्य सर्व्हे आहे, त्यात प्रत्यक्ष मोजतात. आपला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेही (२०१९-२१ चा पाचवासुद्धा) मोजूनच होतो. आणि आपल्या खेड्यातल्या बाईला "तुमनं वजन कितलं शे?" विचारून बघा. माझ्या मावशीने गरोदरपणात दवाखान्यात केलेलं वजन सांगितलं होतं. तो मुलगा आता कॉलेजात आहे. हे खोटं बोलणं नाही, काट्यावर उभं राहायचा प्रसंगच येत नाही.

आकडेमोड्या
घड, सगळ्यांनी सरसकट ५ किलो कमी सांगितलं तरी सहसंबंध पूर्ण १ येईल! सहसंबंध म्हणजे मेळ नव्हे. ब्लँड आणि आल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हेच दाखवलं होतं. दोन्ही आकड्यांमधला फरक काढा, सरासरीसमोर आलेखावर मांडा, मग बोलू.

केळीचा घड
मशीन तरी कुठे खरं असतं? सकाळची उंची संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभर कमी होते.

बट्टीप्रेमी
सकाळीच मोजायची मग. अवांतर: बामणोदची वांगी यंदा कशी आहेत? भरीत पार्टी ठरवतोय.

तापीतीर
गिरणाकाठ, उंची कुठल्या एककात लिहिलीय?

गिरणाकाठ
फूट-इंचात, सगळे लिहितात तशीच. ५.४, ५.१० वगैरे. एक्सेलमध्ये टाकून ३०.४८ ने गुणलं.

तापीतीर
अरे देवा. ५ फूट ४ इंच म्हणजे १६२.६ सेंमी, तुमच्याकडे ५.४ फूट धरून १६४.६ आले. हे तरी सोसेल. पण एक्सेल ५.१० मधलं शून्य खातं, उरतं ५.१. म्हणजे ५ फूट १० इंचाचा गडी १७७.८ ऐवजी १५५.४ सेंमीचा. ७० किलोवर बीएमआय २२ असायला हवा तो २९ दिसेल. ५.११ वाल्यांचंही तेच. लोकांच्या सांगण्यावर नंतर बोला, आधी हा गोंधळ निस्तरा.

गिरणाकाठ
तरीच उंच पोरं लठ्ठ येत होती. गाईडना हे दिसलेलं नाही अजून.

आकडेमोड्या
दाखवायच्या आत दुरुस्त करा. ५.१ असलेली प्रत्येक ओळ मूळ कागदाशी ताडा. फूट आणि इंच वेगळ्या रकान्यात घ्या, फूट गुणिले १२ अधिक इंच, मग २.५४ ने गुणा. त्यानंतर चिठ्ठ्या टाकून काही जण निवडा आणि तेवढ्यांचंच अनवाणी मोजमाप घ्या. जे खुशीने तयार होतात तेवढेच घेऊ नका, वजन लपवणारा तिथेही येणार नाही. बायका-पुरुष आणि वयोगट वेगवेगळे धरून दुरुस्तीचं समीकरण (सांगितलेल्या आकड्यावरून खरा आकडा काढायचं सूत्र) काढा, बाकीच्यांना लावा आणि मर्यादांमध्ये तसं स्पष्ट लिहा. गाईड बहुतेक तेवढ्यावर मानतील.

धुळेकर मामा
शेवटी परत मोजायलाच लावलं ना.

गिरणाकाठ
उंचीचा स्टँड भडगावात कुणाकडे मिळेल? विकत घेणं परवडणार नाही.

तापीतीर
अंगणवाडीत विचारा. पोषण अभियानात उंचीचा स्टँड आणि वजनकाटा दिलेला असतो. आधी पर्यवेक्षिका ताईंना भेटा, कॉलेजचं पत्र सोबत न्या आणि काट्यावर माहीत असलेलं वजन ठेवून तो तपासून घ्या.