मुलांच्या कपाटात समलिंगी पात्रं: ठेवायची की नाही?

सायली_दादर
आमच्या सोसायटीच्या वाचनालयात मुलांच्या कपाटात मी हिमांजली संकर यांची 'टॉकिंग ऑफ मुस्कान' ठेवली. २०१४ची इंग्रजी कादंबरी. मुस्कानला मुली आवडतात हे वर्गात कळल्यावर तिचे मित्रमैत्रिणी कसे वागतात, त्याची गोष्ट. लगेच कमिटीकडे तक्रार गेली आणि पुस्तक मोठ्यांच्या कपाटात! तेरा-चौदाच्या मुलांनी हे वाचण्यात वावगं काय? मराठीत सचिन कुंडलकरांची कादंबरी 'कोबाल्ट ब्लू' (२००६) आहे, पण ती मोठ्यांसाठी. कुमारांसाठी काही असेल तर सुचवा.

अण्णा_सी_विंग
तक्रार मीच केली. पुस्तक वाचून केली, हेही लिहून ठेवा. सुरुवातीलाच मुस्काननं जीव द्यायचा प्रयत्न केलेला आहे. हे तेराव्या वर्षी एकट्यानं वाचायचं? माझा विरोध समलिंगी लोकांना नाही. ६ सप्टेंबर २०१८ला सुप्रीम कोर्टाचा कलम ३७७चा निकाल आला, समलिंगी संबंध गुन्हा नाहीत म्हणून, तेव्हा मी पेढे वाटले नाहीत, पण वाईटही वाटलं नाही. असलं वाचताना सोबत मोठं माणूस हवं, एवढंच.

ठाणेकर२
अण्णा उगाच मवाळ बोलतायत. १८च्या आत हे विषयच नकोत. पॉक्सो आहे की नाही?

सायली_दादर
पॉक्सो मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध आहे. एका मुलीला दुसरी आवडली, यात अत्याचार कुठला?

गणिताच्या_बाई
परळला मराठी शाळेत शिकवते. अण्णा, वर्गात ज्याला 'बायल्या' म्हणून चिडवतात ना, तो मोठ्या माणसाकडे जातच नाही. कारण मोठं माणूसही हसत असतं. टीव्हीवरच्या स्किटमध्ये पुरुष साडी नेसून लचकला की अख्खं घर खिदळतं. (साडी नेसणं वेगळं आणि समलिंगी असणं वेगळं, पण हसणाऱ्याला कुठे फरक पडतो!) ते सहा वर्षांचं पोरही बघतं. तेव्हा कोणी वय काढत नाही. इंग्रजी शाळेतल्या मुलांना निदान ही पुस्तकं तरी मिळतात, माझ्या वर्गातल्यांना फक्त ते स्किट.

मकरंद_पार्ले
मी गे आहे आणि अण्णांचं निम्मं पटतं. या पुस्तकांत आमच्यासारखा येतो तो सोसायलाच. कधी सहलीला जाऊन चोर पकडत नाही. पण सुखाची गोष्ट चालते का, तेही बघा. नॅन्सी गार्डन या अमेरिकन लेखिकेची 'ॲनी ऑन माय माइंड' १९८२ची, दोन मुलींच्या प्रेमाची. शेवटी दोघी पुन्हा एकमेकींकडे येतात. १९९३मध्ये कॅन्सस सिटीत तिची प्रत जाळली. कॅन्ससमधल्या ओलेथच्या शाळांनी ती वाचनालयातून काढली, ती १९९५मध्ये कोर्टानं परत ठेवायला लावली. दुःखाची असेल तर वयाला जड, सुखाची असेल तर चिथावणी. मग चालणार कुठली?

ठाणेकर२
अमेरिकेचं इथे नका सांगू.

अण्णा_सी_विंग
मकरंद, चोर पकडणारा मराठीत आणा, नातीला मी स्वतः वाचून दाखवीन. मुस्कानबद्दल मात्र मत तेच.

गणिताच्या_बाई
नात वाचून घ्यायच्या वयाची आहे की लपवून वाचायच्या?

अण्णा_सी_विंग
नववीत आहे.

सायली_दादर
अण्णा, रविवारी कमिटीची मीटिंग आहे. मी हा विषय घेतेय.

अण्णा_सी_विंग
येतोय. विरोधात बोलणार आहे.