गोष्ट सांगा, देणगी मिळवा?

पावतीबुक

परवा आमच्या भागातल्या संस्थांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका प्रशिक्षक महाशयांची लांबलचक पोस्ट आली. सार असं: देणगीदाराला ताळेबंद नको, गोष्ट हवी. एक मूल निवडा, आधीची हलाखी, आताचं हसू, मधे तुमची संस्था आणि खाली क्यूआर कोड. त्यावर अंगठ्यांचा पाऊस. मी तिथे गप्प बसले, कारण त्या ग्रुपवर आमचे अध्यक्षही आहेत. इथे बोलते.

ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वसतिगृहाचे हिशेब मी अकरा वर्षं बघतेय. आईबाप दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन कारखान्यावर जातात ते उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. तोवर पोरं आमच्याकडे. काहींचं घरी कुणीच नसतं, ती बारा महिने राहतात. आठ वर्षांपूर्वी आम्हीही असा 'गोष्टवाला' अहवाल काढला होता. एका मुलीवर अख्खं पान होतं. नाव बदललेलं, फोटो पाठमोरा, सगळं कसं नियमात. दोन वर्षांनी तीच मुलगी अहवाल घेऊन ऑफिसात आली. म्हणाली, "बाई, माझे पप्पा दारू पीत नाहीत." मी म्हटलं, अगं, तुझं नाव कुठाय त्यात? तर म्हणाली, "दप्तर माझंय ना." चेन तुटली म्हणून आईने साडीचा लाल काठ लावून शिवून दिलेलं दप्तर. फोटोत तेवढंच स्पष्ट आलं होतं. वर्गाने ओळखायचं ते ओळखलं.

तिचा बाप पीत नाही हे मला माहीत होतं. प्रूफ मीच तपासलं होतं.

म्हणून म्हणते, किती मुलं, किती ताटं, किती पगार ते लिहा आणि खाली ऑडिटरची सही घ्या. द्यायचे तो देईल. पोरांच्या घरातलं चव्हाट्यावर मांडू नका.

झोळीवाला

ताई, प्रसंग वाईटच आहे. पण चूक खोटं लिहिण्याची, आणि शिक्षा मात्र गोष्टीला? गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीच्या धर्मशाळा कीर्तनं करून उभ्या केल्या, जमाखर्च वाचून नाही. सिंधुताई सपकाळ गावोगाव भाषणं द्यायच्या आणि शेवटी पदर पसरायच्या. लोक रडायचे आणि खिशात हात घालायचे. त्याच पैशावर मुलं जेवली. मी पंधरा वर्षं संस्थांसाठी निधी उभा करतोय. 'द्यायचे तो देईल' असं म्हणणाऱ्या संस्थांना कुलपं लागलेली या डोळ्यांनी पाहिलीत.

पावतीबुक

माई स्वतःची गोष्ट सांगत होत्या. स्वतःची! स्मशानातल्या चितेवर भाकरी भाजून खाल्ली हे सांगायचं की नाही, ते त्यांनी ठरवलं. चौथीतल्या पोरीने काय ठरवलं होतं?

आकडेमोड

भावनेपेक्षा पुराव्यावर बोलू या. २००७ साली स्मॉल, लोवेनस्टीन आणि स्लोविक यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मालीमधल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीबद्दल वाचलेल्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. दुष्काळाची नुसती आकडेवारी वाचलेल्यांनी १.१४. आणि गंमत म्हणजे दोन्ही एकत्र दिलं तेव्हा १.४३. थोडक्यात, गोष्टीला ताळेबंद जोडला की गोष्टही झोपते.

कोथरूडकर_काका

त्याच प्रयोगात लोकांना आधी पाच डॉलर हातात दिले होते, ते नाही सांगितलंत. मला कुणी पाच हजार हातात ठेवून 'यातले किती टाकता?' विचारलं, तर मीही कर्ण होईन.

आणि आकड्यांना इतकं हिणवू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज देशभर आशाताई बाळाला बघायला घरी येतात त्यामागे ते काम आहे. दिल्लीतल्या बाबूला रडवून हे झालेलं नाही.

झोळीवाला

काका, सरकारला आकडे पटले, कबूल. पण तुम्हाला 'सर्च' माहीत झाली ती लॅन्सेट वाचून का? बंग दांपत्याचं मराठीतलं लिखाण आणि भाषणं ऐकूनच ना? 'लोकसत्ता' २०११ पासून गणपतीत दहा संस्थांवर लेख छापतं, वाचक चेक पाठवतात. त्या लेखांत काय असतं? माणसंच असतात.

कोथरूडकर_काका

बंगांना पहिल्यांदा व्याख्यानातच ऐकलं, हे खरं आहे. पुढे.

वरणफळ

अवांतर करते, माफी असावी. संस्थांना झोडण्याआधी देणगीदारांकडे बघा की. मी एका बालगृहात शनिवारी शिकवायला जायचे. दर आठवड्याला कुणाचा तरी वाढदिवस 'साजरा' व्हायचा. केक, टोप्या आणि रांगेत बसवलेली पोरं. बर्थडे बॉय केक भरवणार, त्याचे बाबा 'इकडे बघा, हसा' करत फोटो काढणार. अर्ध्या तासात गाडी रवाना. तो फोटो फेसबुकवर 'खरा आनंद वाटण्यात' या ओळीसह. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४: काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं काही छापलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाबांना सांगायला गेले तर म्हणाले, "मॅडम, आम्ही खाऊ घातलंय."

कोथरूडकर_काका

मी दरवर्षी नातीचा वाढदिवस आश्रमात करतो. मग मी काय गुन्हेगार? पबमध्ये पैसे उडवणारे बरे आणि आम्ही वाईट? शिकवायला जायचात म्हणून तुम्ही फार वरच्या झालात असं समजू नका.

वरणफळ

जिथे लागायचं तिथे लागलेलं दिसतंय. फोटो टाकलात का, एवढंच सांगा.

कोथरूडकर_काका

नात माझी आहे, फोटो तिचा आहे. मागे चार पोरं दिसली तर आकाश कोसळत नाही. असल्याच वृत्तीमुळे लोक द्यायचे बंद होतात.

एक_जून

मी सहसा फक्त वाचतो. आज राहवलं नाही.

मी पाचवी ते दहावी वसतिगृहात होतो. पितृपक्षात रोज कुणाच्या तरी वडिलांच्या नावे खीर आणि वडे. पंधरा दिवस सलग. नंतर खिरीचा वास आला की पोटात ढवळायचं. दिवाळीत चार-चार घरांचा चिवडा, पत्र्याच्या डब्यात खवट होईपर्यंत. आणि जूनमध्ये सगळ्या पंचाईती एकदम: वह्या, चपला, गळणारा पत्रा. तेव्हा कुणी फिरकायचं नाही. जूनमध्ये सण नसतो ना.

माझा वाढदिवस शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे, माझ्यासारख्या अर्ध्या महाराष्ट्राचा असतो तसा. खरा कधी ते आईलाही आठवत नाही, 'पाऊस लई होता' एवढंच सांगते. पण 'हॅपी बर्थडे' मला पाठ होतं. एकदा गायला नकार दिला तर अधीक्षकांनी रात्रीचं जेवण बंद केलं. पाहुण्यांसमोर नाक कापलं म्हणे.

काका, तुमचा राग नाही. केक आवडायचा. पण मग महिनाभर आपला चेहरा कुणाच्या फोनमध्ये असेल, याचा विचार मी करायचो.

कोथरूडकर_काका

यावर काय बोलणार. मागचे फोटो काढून टाकतो. पण 'गुन्हेगार' शब्द मागे घ्या.

वरणफळ

तो तुम्हीच वापरला होता, काका. तरी घेते मागे.

आकडेमोड

धागा कशावर होता?

झोळीवाला

माझ्या बाजूने सिद्ध झाला, यावर होता. ताई, तुमचीच पोस्ट परत वाचा. 'हिशेब द्या' म्हणता, आणि एक तरी आकडा दिलात का? दप्तराच्या काठाची गोष्ट सांगितलीत आणि आम्ही सगळे इथे जमलो. एक_जून यांनीही खिरीवर किती खर्च झाला ते सांगितलं नाही.

पावतीबुक

लागलं. आणि खरंही आहे.

त्यातही एक सांगायचं राहिलं. काठ लाल नव्हता. लिहिताना तेवढा बदलला, म्हटलं आता तरी कुणी ओळखू नये. तिला विचारलं मात्र या वेळीही नाही. आता ती बारावीला आहे, फोन आहे तिच्याकडे. आज रात्री हा धागा तिला पाठवते. काढ म्हणाली तर संपादकांना सांगून उडवून टाकेन, सगळ्यांचे प्रतिसाद गेले तरी.

झोळीवाला

आणि ठेव म्हणाली तर?

पावतीबुक

तर तुमचं निम्मं खरं. निम्मंच.

कोथरूडकर_काका

ताई, जूनमध्ये तुमच्याकडे काय लागतं ते कळवा. वह्यांचे दोन गठ्ठे आत्ताच घेऊन ठेवतो.

पावतीबुक

वह्या येतात, काका. गॅस सिलिंडर आणि स्वयंपाकाच्या मावशींचा पगार, हे दोन लागतात. ते द्यायला कुणी येत नाही.

कोथरूडकर_काका

मावशींना सहा महिन्यांचा पगार माझ्याकडून. फोटो नको. पावती तेवढी करसवलतीची, ८०जीची द्या.

पावतीबुक

चेकने द्या. रोख दोन हजारांच्या वर असेल तर ८०जी मिळत नाही.