बी-७०२ विकला, गच्ची अजून गळतेच आहे

(पुणे, वडगाव बुद्रुक. दोन विंग, ४२ फ्लॅट. सोसायटीचा ग्रुप, जुलैतला रविवार.)

वैशाली, बी-७०२: नमस्कार मंडळी. बातमी जिन्यातून सगळीकडे पोचलीच असेल, तरी स्वतः सांगते. आम्ही फ्लॅट विकलाय. ट्रान्सफरचं काम झालं की नऱ्ह्याला भाड्याने राहायला जातोय.

कुलकर्णी काका, बी-२०१: अगं, स्वतःचं घर सोडून भाड्याने? हवा, उजेड, शेजार, काय कमी होतं? आणि मेंटेनन्स महिन्याला फक्त १५०० रुपये! आजूबाजूला चौकशी करून बघ, काय भाव चाललाय.

वैशाली, बी-७०२: काका, त्या १५०० नेच तर घात केला. तुमच्याकडे पाऊस खिडकीतून दिसतो, आमच्याकडे पंख्याच्या हुकातून येतो. बेडरूमच्या स्लॅबचे पोपडे गादीवर पडतात. एका ठिकाणी सळई उघडी पडलीय, गंजून लाल झालीय. जोराची सर आली की एमसीबी पडतो, म्हणून त्या खोलीची लाइनच बंद ठेवलीय. सासूबाईंचा पलंग हॉलमध्ये, टीव्हीसमोर.

वैशाली, बी-७०२: आणि आमच्या डोक्यावरच्या गच्चीच्या भागाचा ब्रिकबॅट कोबा (गळती थांबवायला विटांच्या तुकड्यांचा थर) आम्ही पदरचे पैसे घालून करून घेतला होता. "करून घ्या, मेंटेनन्समधून वळते करू" म्हणाले होते. बिल दिलं, ते फायलीत गेलं. तुकड्यातुकड्याने कोबा केला की पाणी उरलेल्या भागातून शिरून आत सरकतच येतं. हे मला तेव्हा कॉन्ट्रॅक्टरनेही सांगितलं होतं, मी कमिटीलाही सांगितलं होतं.

सेक्रेटरी, ए-१०४: ताई, वैयक्तिक तक्रारी ग्रुपवर नकोत. ऑफिसला रविवारी ११ ते १२ येऊन भेटावे. कमिटी सदस्य स्वतःचा वेळ देऊन, बिनपगारी काम करतात याची सर्वांनी नोंद घ्यावी.

अमोल, ए-५०३: साहेब, गच्ची वैयक्तिक कधीपासून झाली? एकाच्या बाथरूममधून दुसऱ्याच्या घरात गळलं तर ते त्या दोघांचं. पावसाचं पाणी, बाहेरची कॉमन पाइपलाइन, ड्रेनेज यांची गळती सोसायटीच्या खर्चाने काढायची, असं आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांत आहे. आपण तेच उपविधी स्वीकारलेत.

बी-३०२: (सुप्रभात. गुलाबाचा फोटो.)

शिर्के मावशी, ए-४०१: लिफ्टचं पण कुणीतरी काढा रे. ए विंगची लिफ्ट चौथ्यावर वीतभर खाली थांबते. परवा यांचा पाय अडखळला, हातातल्या दुधाच्या पिशव्या फुटल्या. लिफ्टवाल्याला फोन केला तर म्हणे आधीचं बिल द्या.

सेक्रेटरी, ए-१०४: फंड नाही. पैसे झाडाला लागत नाहीत.

अमोल, ए-५०३: फंड का नाही तेच सांगतो. उपविधीप्रमाणे सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक) बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती फंड किमान ०.७५ टक्के, दरवर्षी. २००३ साली आपल्या एका फ्लॅटचा बांधकाम खर्च जमीन सोडून ६ लाख धरा. म्हणजे वर्षाला १५०० अधिक ४५०० रुपये. महिन्याला ५०० नुसते या दोन फंडांचे. उरलेल्या १००० मध्ये वॉचमन, सफाई, पाण्याचे टँकर, दोन लिफ्ट, कॉमन लाइट. बसतं का? म्हणून इतकी वर्षं फंडात काही टाकलंच नाही. आपण स्वस्तात राहत नव्हतो, बी-७०२ आणि बी-७०३ च्या छतावर राहत होतो.

कुलकर्णी काका, बी-२०१: अमोल, पेन्शनीत भागवणाऱ्यांचा पण विचार कर बाबा. मेंटेनन्स २५०० करायचा ठराव आला तेव्हा मी विरोध केला, तो उगाच नाही. आधी हिशोब दाखवा, मग वाढवा, एवढंच म्हणणं होतं. रंगकामाला किती गेले ते मला आजतागायत कळलेलं नाही.

अमोल, ए-५०३: काका, हे मात्र शंभर टक्के बरोबर.

बी-७०३: वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. आपल्याकडे गेल्या वर्षी ती झाली का, कुणी सांगेल?

सेक्रेटरी, ए-१०४: झाली. नोटीस बोर्डावर लावली होती. कोरम नसल्याने अर्धा तास तहकूब करून रीतसर घेण्यात आली.

शिर्के मावशी, ए-४०१: नोटीस बोर्डाची काच फुटलीय, त्यावर केबलवाल्याचं पत्रक चिकटवलंय. कोण वाचणार?

वैशाली, बी-७०२: एक सांगायचं राहिलं. घेणाऱ्याच्या बँकेला सोसायटीचं ना हरकत पत्र हवंय. मला सांगितलंय, आधी १ लाख "ऐच्छिक देणगी" भरा. पावतीचं विचारलं तर म्हणे बघू.

सेक्रेटरी, ए-१०४: हा मेसेज डिलीट केला आहे.

अमोल, ए-५०३: वाचला मी. ताई, एक पैसा जास्त देऊ नका. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियमची (फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेची) कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे, २००१ च्या शासन आदेशापासून. देणगीच्या नावाखालीही त्यावर घेता येत नाही. आणि उपविधीनुसार हस्तांतराला सोसायटीची एनओसी लागतच नाही. बँकेसाठी हवी असेल तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्जावर कमिटीने महिन्याभरात निर्णय घ्यायचा असतो. नाही घेतला तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार.

वैशाली, बी-७०२: अर्ज उद्याच देते. खरं सांगू का, पाणी गळतं म्हणून कुणी घर विकत नाही. भांडी लावून, ताडपत्री टाकून काढतोच की माणूस एखादा पावसाळा. पण बोलायला गेलं की प्रत्येक वेळी आपणच भांडखोर ठरायचं, याचा वीट आला. घेणाऱ्याला मात्र सगळं दाखवलंय, सळईसुद्धा. तेवढा भाव कमी केला.

बी-३०२: म्हणजे आता आमच्या फ्लॅटचे पण भाव पडणार?

बी-७०३: भाव जाऊ दे. इमारतीला १५ वर्षं झाली की दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करायचं असतं. आपली २००३ ची. एकही झालेलं नाही. तुम्ही खालचे सगळे त्याच कॉलमवर उभे आहात.

शिर्के मावशी, ए-४०१: अरे देवा.

अमोल, ए-५०३: एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर महिन्याभरात विशेष सभा बोलवावी लागते. ४२ म्हणजे ९ सह्या. विषय तीनच: गच्चीचं पूर्ण वॉटरप्रूफिंग, स्ट्रक्चरल ऑडिट, फंडांचे हिशोब. अर्ज मी लिहितो, संध्याकाळी घरोघरी फिरतो. कोण कोण?

बी-७०३: मी.

वैशाली, बी-७०२: शेअर सर्टिफिकेटवर अजून आमचंच नाव आहे. माझी घ्या.

कुलकर्णी काका, बी-२०१: हिशोबाचा विषय पहिल्या नंबरवर घेणार असाल तर माझीही.

शिर्के मावशी, ए-४०१: लिफ्ट टाक त्यात. मग करते.

बी-३०२: मी पण. फक्त माझी सही पहिल्या पानावर नको, सेक्रेटरींच्या शेजारी माझं पार्किंग आहे.