पाइपची तंबाखू: मुंबईच्या पावसाळ्यात डब्यात की बरणीत?

गिरगावचा धूर
गेल्या श्रावणात सील न फोडलेला ५० ग्रॅमचा पत्र्याचा डबा कपाटातून काढला, तर तळाच्या कडेला गंज आणि टाचणीएवढं भोक. आत तीन वर्षं मुरायला ठेवलेल्या व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूला पांढरी लव. कोणी साखरेचे स्फटिक म्हणेल, पण स्फटिक चकाकतात. ही कापसासारखी होती आणि वास ओल्या पोत्याचा. सगळी फेकली.

तेव्हापासूनचं माझं ठाम मत: समुद्राजवळ राहणाऱ्याने पत्र्यावर विश्वास ठेवू नये. डबा घरी आला की फोडावा, रबरी रिंगच्या झाकणाच्या लहान काचेच्या बरणीत तंबाखू भरावी, तारीख लिहावी आणि अंधाऱ्या कपाटात ठेवावी. पाच डब्यांची एक मोठी बरणी नको. दर वेळी उघडली की सगळाच माल हवेला लागतो.

लाकडी जिना
साफ असहमत. एका डब्याला गंज चढला म्हणून बाकीचे फोडायचे? सीलबंद डबा वर्षानुवर्षं टिकतो. उलट जुलैत फोडलात तर ८५-९० टक्के दमट हवाच बरणीत कोंडाल. मी डबे घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या खोक्यात ठेवतो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या डब्यांच्या बाहेर, तंबाखूत नव्हे, नाहीतर तिचा पाचोळा होईल. तुमचा गंज हा आळसाचा गंज आहे.

गिरगावचा धूर
आळस मान्य, दमट हवेचा मुद्दा अमान्य. जिनेसाहेब, हिशेब करा. ३० अंशांना पूर्ण ओलावलेल्या एक लिटर हवेत पाणी किती? साधारण ०.०३ ग्रॅम. माझी बरणी पाव लिटरची, तीही तंबाखूने भरलेली. ५० ग्रॅम तंबाखूत १४ टक्के ओल धरली तरी ७ ग्रॅम पाणी तिचं स्वतःचंच. कोंडलेल्या हवेतलं पाणी त्याच्या हजाराव्या हिश्श्याएवढंही भरत नाही. परातीत पसरून दुपारभर गप्पा मारत बसलात तर ती पापडासारखी सादळेल, ही गोष्ट वेगळी.

चिमटीभर
एवढी डोकेफोड कशाला? फ्रिजमध्ये टाका, विषय संपला.

पार्ल्याची माहेरवाशीण
चिमटीभर, आमच्याकडे हा प्रयोग झालाय. सासऱ्यांचं पाऊच सुकटीच्या डब्याशेजारी आठवडाभर होतं. पुढचं सांगत नाही. शिवाय गार पाऊच बाहेर काढून लगेच उघडलं की या हवेत आत दव धरतं.

आणि धागाकर्ते, लोणच्याची रिकामी बरणी घेऊ नका. काच धुतली जाते, पण रबरी रिंगमधली हिंग-मोहरी जात नाही. (आमच्या बरण्या कुठे जातात ते आज कळलं.) लहान मुलं असतील तर कपाटाला कुलूप लावा. पोटात गेलेली तंबाखू त्यांना विषासारखी बाधते. ओढू नका हे सांगून सासरे ऐकले नाहीत, तुम्ही काय ऐकणार!

लाकडी जिना
हिशेबापुढे मान तुकवतो, निष्कर्षापुढे नाही. तुमचा नियम फक्त व्हर्जिनियाचा. तिच्यात साखर असते म्हणून ती मुरते. लताकियाचा, म्हणजे धुरावर वाळवलेल्या तंबाखूचा, धुरकट वास तर वर्षांगणिक विझत जातो. आणि व्हॅनिला-चेरीवाल्या बहुतेक मालात ओल धरून ठेवणारं प्रोपिलीन ग्लायकॉल असतं, तो मऊच राहतो. मुरवून त्याचं काही भलं होत नाही.

चिमटीभर
मग सिगारची लाकडी पेटी? मामांकडे पडून आहे.

गिरगावचा धूर
नको. पेटीतलं सुगंधी लाकूड (बहुधा स्पॅनिश सीडर) तंबाखूची ओल पितं आणि बदल्यात स्वतःचा वास देतं. सुकलेली तंबाखू पुन्हा ओलवायला तिच्यात सफरचंदाची फोडही नको, आपल्या हवेत आधी फोडीला बुरशी येते. भांड्यावर पिळलेलं ओलं फडकं तंबाखूला न टेकेल असं तासभर ताणून ठेवा. मग चिमूट दाबून सोडा. हळूहळू उलगडली तर ठीक, गोळाच राहिला तर ओल जास्त, चुरा झाला तर फडकं पुन्हा.

जिनेसाहेब, खोक्यातले डबे शेवटचे उलटून कधी पाहिलेत?

लाकडी जिना
...गणपती झाले की पाहतो. गंज निघाला तर इथे येऊन सांगेन. नाही निघाला तर जरा मोठ्याने सांगेन.