सांगलीहून सहा जणांचे कुटुंब आणि ग्रीक बेटे: नऊ रात्रींत चार बेटे करावीत का?

विश्रामबागकर (सांगली) यांचा प्रश्न

नमस्कार. २०२७ च्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब ग्रीसला जाण्याचे ठरवत आहोत. आम्ही दोघे, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे असे सहा जण आहोत. सासरे ७२ वर्षांचे असून त्यांचे आयुष्य पलूसजवळच्या द्राक्षबागेत गेले आहे. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर त्या अर्धा तास सहज चालतात, पण जिना उतरताना त्यांना आधार लागतो. दोघेही पूर्ण शाकाहारी आहेत आणि अंडेही खात नाहीत.

एका प्रवासी एजंटने आम्हाला नऊ रात्रींचा कार्यक्रम आखून दिला आहे. त्यात अथेन्सला एक रात्र आणि मग मिकोनोस, सँटोरिनी, क्रीट व ऱ्होड्स या चार बेटांवर प्रत्येकी दोन रात्री आहेत. शेवटच्या दिवशी सकाळी ऱ्होड्सहून विमानाने अथेन्स आणि त्याच दुपारी परतीचे विमान, असे त्यांनी सुचवले आहे. कागदावर हे सारे फार आकर्षक दिसते आणि मुलीने तर सँटोरिनीचे निळे घुमट आपल्या वहीच्या मुखपृष्ठावर चिकटवूनही टाकले आहेत. मला मात्र अशी शंका येते, की दर दोन दिवसांनी सहा बॅगा, दोन ज्येष्ठ माणसे आणि बोटीत मळमळणारा मुलगा यांना घेऊन बंदरावर उभे राहण्यातच सहल संपेल. सासऱ्यांनी ही सहल स्वतःच्या बेदाण्याच्या पैशांतून करायची असे ठरवले आहे, त्यामुळे ती दोघांना मनापासून उपभोगता यावी, हीच माझी सर्वांत मोठी इच्छा आहे. ज्यांनी वडीलधाऱ्यांसह ही बेटे पाहिली आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अजिंक्यतारा (सातारा) यांचे उत्तर

ताई, आपली शंका अगदी योग्य आहे. मी निवृत्त शिक्षक आहे; आम्ही पती-पत्नी मुलगा, सून आणि नातवासह ऑगस्टमध्ये ही बेटे पाहून आलो. स्वतःच्या अनुभवावरून सांगतो, की आपल्या कुटुंबाने दोनच बेटे करावीत आणि तीही एकाच बोटमार्गावरची निवडावीत.

नकाशावर ही बेटे एकमेकांना खेटून असल्यासारखी दिसतात, परंतु प्रत्यक्षात ती वेगवेगळ्या समूहांत विखुरलेली आहेत. मिकोनोस, नाक्सोस, पारोस, सँटोरिनी ही सायक्लेडीज समूहातील बेटे आहेत, तर ऱ्होड्स पार तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ आहे. क्रीटचे क्षेत्रफळ सुमारे ८,३०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे ते जवळपास आपल्या सांगली जिल्ह्याएवढे आहे. शिराळ्यापासून जतपर्यंतचा मुलूख दोन रात्रींत दाखवा असे कोणी पाहुण्याने म्हटले, तर आपण त्याला काय सांगू? क्रीटचेही तसेच आहे. तिथला क्नोसोसचा प्राचीन राजवाडा हेराक्लिओन शहरापासून पाचेक किलोमीटरवर असल्याने तो पाहून होईल, पण तेवढ्याने क्रीट पाहिले असे होत नाही. ते बेट स्वतंत्र सहलीसाठी राखून ठेवावे.

माझ्या मते कार्यक्रम असा असावा: अथेन्सला दोन रात्री, नाक्सोसला तीन, सँटोरिनीला तीन आणि पुन्हा अथेन्सला एक. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून मोठ्या बोटीने नाक्सोसला साधारण साडेपाच तास लागतात आणि तिथून सँटोरिनी सुमारे दोन तासांवर आहे. विमानतळापासून पिरेयसपर्यंत थेट मेट्रो आहे. सँटोरिनीहून परतताना बोटीत आठ तास घालवण्याऐवजी विमान घ्यावे. ते तासाभरात अथेन्सला पोहोचवते.

शेवटची रात्र अथेन्सला ठेवण्याचा आग्रह मी फार कळकळीने धरतो आहे, कारण आम्ही तो नियम पाळला नव्हता. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा वाहतो. आकाश निरभ्र असते, ऊन लख्ख पडलेले असते आणि तरीही समुद्र पांढऱ्या फेसाने भरून जातो. वारा एका मर्यादेपलीकडे गेला, की बंदर अधिकारी बोटी सोडत नाहीत, आणि लहान वेगवान बोटी सर्वांत आधी थांबतात. आमची सकाळची बोट अशीच रद्द झाली. रिकाम्या धक्क्यावर सहा तास बसून आम्ही दुसऱ्या दिवशी अथेन्सला पोहोचलो, तेव्हा परतीचे विमान केव्हाच निघून गेले होते आणि पाच जणांची तिकिटे नव्याने काढावी लागली. मे महिन्यात हा वारा सहसा नसतो, तरीही बोट किंवा बेटावरचे विमान आणि घरी परतण्याचे विमान एकाच दिवशी ठेवू नये.

आता सासूबाईंच्या गुडघ्यांविषयी. छायाचित्रांत दिसणारी सँटोरिनीची पांढरी घरे ज्वालामुखीच्या कड्यावर एकाखाली एक बांधलेली आहेत. त्या कड्यावरच्या हॉटेलांत खोलीपर्यंत जाण्यासाठी बहुतेक ठिकाणी पायऱ्याच असतात आणि न्याहारीसाठीही त्याच चढाव्या लागतात. जुन्या बंदरापासून फिरा गावापर्यंत ५८८ पायऱ्या आहेत. तिथे रोपवे आहे, तोच वापरावा. मुक्कामासाठी कड्यावरचे हॉटेल न घेता कामारी किंवा पेरिसा हे पूर्व किनाऱ्यावरचे गाव निवडावे. दोन्ही सपाट आहेत, काळ्या वाळूचा किनारा समोरच आहे आणि बसने फिराला जाता येते. माझ्या पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. सज्जनगडाच्या पायऱ्या तिने आता सोडल्या आहेत, पण कामारीच्या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर ती रोज संध्याकाळी स्वतःहून फिरायला निघत असे.

मुलांना आक्रोतिरी अवश्य दाखवावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या आसपास झालेल्या महास्फोटात राखेखाली गाडले गेलेले हे नगर आहे. दोन-तीन मजली घरे, सांडपाण्याची गटारे आणि जागच्या जागी उभे असलेले मोठाले रांजण तिथे पाहता येतात. मानवी सांगाडे मात्र सापडले नाहीत, त्यावरून लोक आधीच बाहेर पडले असावेत असे मानतात. सारे उत्खनन छपराखाली असल्याने उन्हाचा त्रास होत नाही. तिथल्या भिंतीवरची निळ्या वानरांची चित्रे फिरा येथील संग्रहालयात आहेत. ही वानरे आपल्याकडच्या लांब शेपटीच्या वानरांसारखी आहेत, असे मत काही प्राणिशास्त्रज्ञांनी मांडले आहे. माझा नातू त्या चित्रासमोर उभा राहून म्हणाला, “आजोबा, ही तर यवतेश्वरच्या घाटातली माकडं!” सांगलीपासून इतक्या दूर आपल्या मुलांनाही ती ओळखीची वाटतील.

बेदाणाशेड (तासगाव) यांचे उत्तर

सरांनी सांगितलेला नाक्सोस-सँटोरिनीचा कार्यक्रम मला पूर्ण मान्य आहे. आम्ही द्राक्षबागेची एप्रिलची खरड छाटणी उरकून मेच्या मध्यावर गेलो होतो. सोबत आई होती. दिवसा वीस ते पंचवीस अंशांची हवा होती, गर्दी बेताची होती आणि खोल्यांचे दरही जुलै-ऑगस्टपेक्षा बरेच कमी होते. समुद्राचे पाणी मात्र गार असते. मुले थोडा वेळ खेळतील, दिवसभर डुंबणार नाहीत. २०२७ साली ऑर्थोडॉक्स ईस्टर २ मे रोजी आहे. हा तिथला सर्वांत मोठा सण आहे आणि त्या सुमारास सारे लोक आपल्या गावी जातात, म्हणून आपण ८-९ मेनंतर निघावे.

ताई, आपल्या सासऱ्यांसाठी सँटोरिनीच्या द्राक्षबागा हेच खरे आकर्षण ठरेल, असे मला वाटते. तिथे मांडव नाही, वेल वाय आकाराच्या आधारावर चढवण्याची पद्धत नाही, तारा नाहीत आणि खांबही नाहीत. वेलीच्या काड्या वर्षानुवर्षे गोल गोल गुंफून जमिनीलगत टोपलीसारखा आकार दिलेला असतो आणि घड त्या टोपलीच्या आत, पानांच्या आडोशाला लागतात. बेटावर वारा इतका असतो, की उंच वेल टिकणार नाही. पाऊस अत्यंत कमी पडतो. ज्वालामुखीची सच्छिद्र माती रात्रीचे धुके आणि दव धरून ठेवते आणि त्यावरच वेल जगते. मी गुडघ्यावर बसून एका वेलीचा बुंधा पाहिला. तो माझ्या मनगटापेक्षा जाड होता, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते नुसते वाळलेले झुडूप वाटले असते. मेमध्ये त्या टोपलीतून कोवळे फुटवे वर आलेले होते. ड्रिप बंद पडले की आपल्याला झोप लागत नाही. ती बाग पाहून मी बराच वेळ काही बोललो नाही.

सासऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगावी. बेदाणा करताना आपण मण्यांना पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलचे द्रावण देतो, तसेच पोटॅश आणि ऑलिव्हच्या तेलाचे द्रावण देण्याची जुनी रीत ग्रीसमध्ये आहे. सँटोरिनीत तर द्राक्षे उन्हात वाळवून त्यांपासून गोड वाईन करतात. पिणारे नसाल, तरी कारखाना पाहायला काहीच हरकत नाही.

जेवणाची चिंता करू नका, मात्र विचारून घ्या. सँटोरिनीची ‘फावा’ ही पिवळ्या डाळीची असते. ती डाळ आपल्याकडच्या लाखेच्या जातकुळीतल्या कडधान्याची आहे. शिजवून घोटलेली, वरून ऑलिव्हचे तेल, बारीक चिरलेला कांदा आणि लिंबू. पहिला घास घेऊन आई म्हणाली, “हे तर घट्ट वरण आहे, फक्त फोडणी राहिली.” त्यानंतर तिने रोज तेच मागवले. टोमॅटोच्या रश्शातले मोठे पांढरे घेवडे म्हणजे ‘यिगांदेस’, पालकाची पेस्ट्री म्हणजे ‘स्पानाकोपिता’ आणि भात भरलेले टोमॅटो व ढोबळी मिरची म्हणजे ‘येमिस्ता’. येमिस्तात कधी खिमा असतो. बिनखिम्याच्या प्रकाराला ते ‘ओर्फाना’ म्हणजे अनाथ म्हणतात, तेवढा शब्द लक्षात ठेवावा. स्पानाकोपितात बहुधा अंडे असते, म्हणून ‘होरीस अव्गो’, म्हणजे अंड्याशिवाय, असे स्पष्ट विचारावे. उपवासाच्या पदार्थांना ‘निस्तिसिमा’ म्हणतात. त्यांत मांस, दूध, अंडी नसतात, पण माकूळ किंवा ऑक्टोपस चालतो, त्यामुळे केवळ त्या शब्दावर विसंबू नये. फेटा चीजसाठी अनेकदा प्राण्यांच्या जठरातील रेनेट (दूध घट्ट करणारे द्रव्य) वापरतात, हेही सासूबाईंना आधी सांगितलेले बरे.

घरून भडंग, मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी न्यावी. तूप, पेढे, खवा यांतले काहीही नेऊ नये, कारण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून नेण्यास बंदी आहे. आईने डब्याच्या तळाशी ठेवलेले कंदी पेढे आम्हाला मुंबईच्या विमानतळावरच वाटून टाकावे लागले.

विश्रामबागकर

सर आणि दादा, आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. दादांचे उत्तर मी सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. टोपलीसारख्या वेलीचे वर्णन त्यांनी दोनदा वाचायला लावले आणि मग विचारले, की तिथे छाटणी कोणत्या महिन्यात करतात. मिकोनोस, क्रीट आणि ऱ्होड्स आम्ही रद्द केले आहेत. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत: नाक्सोसला तीन दिवस मुलांना कंटाळा तर येणार नाही ना, आणि व्हिसासाठी सासऱ्यांचे शेतीचे उत्पन्न कसे दाखवावे?

बेदाणाशेड (तासगाव)

ताई, छाटणी तिथे हिवाळ्यात होते, जानेवारीच्या सुमारास. आपल्यासारखी वर्षातून दोनदा नाही. नाक्सोसला मुले कंटाळणार नाहीत. गावालगतच आयिओस योर्गिओसचा किनारा आहे, तिथले पाणी बरेच आतपर्यंत उथळ आहे. बंदराजवळच्या टेकाडावर अपोलोच्या अपुऱ्या राहिलेल्या मंदिराचा संगमरवरी दरवाजा एकटाच उभा आहे. सूर्यास्ताच्या वेळी त्याच्या चौकटीतून समुद्र पाहावा. चढ हलका आहे, आईला जमला. बसथांबा बंदरासमोरच असल्याने डोंगरातल्या गावांनाही जाता येते. बेटावरच्या आपोलोनास गावाजवळ खाणीतच सोडून दिलेला दहा मीटरांहून लांब दगडी पुतळा आडवा पडलेला आहे, त्यावर मुले बराच वेळ बोलत राहतील. बोटीत मुलाला खालच्या मजल्यावर, मधोमध बसवा आणि गोळी निघण्याच्या आधी अर्धा तास द्या, ती अर्थातच आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

मिरजकर

व्हिसाविषयी मी लिहितो, कारण माझ्या वडिलांचेही उत्पन्न शेतीचेच आहे. आम्ही सातबारा उतारा, बाजार समितीच्या विक्रीच्या पट्ट्या आणि सहा महिन्यांचे बँक खाते यांचे इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडले. सोबत एक पत्र देऊन खर्च कोण करणार हे स्वच्छ लिहिले. खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम भरू नये. बेदाण्याचे पैसे हंगामात येतात, तेव्हापासूनच ते खात्यात दिसू द्यावेत.

ग्रीससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचे (युरोपातील अनेक देशांना चालणाऱ्या सामाईक व्हिसाचे) शुल्क प्रौढांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांखालील मुलांना ४५ युरो आहे. म्हणजे आपल्या सहा जणांचे मिळून ४९५ युरो होतात. व्हिसा अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो. आपण ९ मेला निघणार असाल, तर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून अर्ज देण्यासाठी भेटीची वेळ मिळवण्याचा प्रयत्न करावा. उन्हाळ्याच्या तोंडावर तारखा मिळणे अवघड होते. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे, आणि सासूबाई-सासऱ्यांच्या वयामुळे त्यांचा हप्ता जास्त येईल, तो आधीच धरून ठेवावा. बारा वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, मुलीला मात्र द्यावे लागतील. सर्वांचे पासपोर्ट आजच काढून पाहा: परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत शिल्लक हवी.

विश्रामबागकर

पासपोर्ट पाहिले. सासूबाईंच्या पासपोर्टची मुदत एप्रिल २०२७ मध्ये संपत आहे, आमच्यापैकी कोणाच्याही हे लक्षात आले नव्हते. मिरजकर, आपले फार उपकार झाले. उद्याच नूतनीकरणाचा अर्ज भरते आणि नवा पासपोर्ट हातात येताच कामारीच्या खोल्यांसाठी पुन्हा येथे विचारते.